वाढत्या अंगाचा परकर

एका गावात एक कासारीण राहत असे. तिचं नाव मथुरा. चार रात्री झाल्या, तिला झोप नव्हती. घरात चोर शिरला नव्हता, नवरा आजारी नव्हता, कुणाचं देणं नव्हतं. झोप उडाली होती ती पोरीच्या एका वाक्याने. बकुळ म्हणाली होती, "मला नाही जायचं लेझमीला."

एवढंच. पण बकुळने म्हणावं? ही पोर तीन वर्षांची असल्यापासून ताटावर उलथनं आपटून लेझीम खेळत होती. पाणी आणताना तिचे पाय ताल धरायचे आणि निम्मी कळशी वाटेतच सांडायची. भैरोबाच्या जत्रेत पालखीपुढे मुलींची लेझीम असते, आणि तिच्यात नऊ वर्षं पुरी झालेल्या मुलींनाच घेतात. बकुळ त्या नऊची वाट बघत मोठी झाली. नऊ पुरी झाली, पथकात नाव लागलं, जत्रा बारा दिवसांवर आली, आणि आता म्हणते जायचं नाही!

मथुरेने सगळ्या बाजूंनी विचार केला. ती सातवीपर्यंत शिकलेली होती, त्यामुळे विचार करायची तिला सवयच होती. जंत झाले असतील. दृष्ट लागली असेल. दृष्टीवर तिचा विश्वास नव्हता, तरी तिने मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या आणि वर जंताचं औषधही पाजलं. म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त. त्यानेही काही झालं नाही. मग उरला तिसरा संशय. आई म्हणून आपणच कुठे कमी पडलो का? या प्रश्नापर्यंत ती रोज जायची आणि दार न वाजवताच परत यायची.

कारण कमी पडलं म्हणावं, तर कशात? पोरीला तिने काय दिलं नव्हतं? आणि जे दिलं ते डोकं वापरून दिलं होतं. मथुरेचा एक नियम होता. पोरीसाठी काहीही घ्यायचं ते वाढत्या अंगाचं घ्यायचं. नऊ वर्षांच्या पोरीला बारा वर्षांच्या मापाचा परकर. कापडाला थोडे जास्त पडतात, शिलाई तेवढीच, आणि परकर तीन वर्षं पुरतो. चपला दोन बोटं मोठ्या, पुढे कापूस कोंबायचा. लेझीमसुद्धा तिने लेझीम शिकवणाऱ्या वस्तादांकडून मोठ्या माणसांची घेतली होती, चांगली जाड दांडीची. म्हणाली होती, "मोठेपणीही हीच चालेल."

हिशेब कुठेच चुकत नव्हता. फक्त एक व्हायचं. पहिल्या वर्षी परकर जमिनीवरून लोळायचा. दुसऱ्या वर्षी कमरेत दुमडावा लागायचा. तिसऱ्या वर्षी तो अगदी मापात यायचा, आणि तोवर त्याचा रंग उडालेला असायचा, काठ विरलेला असायचा आणि मागच्या बाजूला एक ठिगळ असायचं. बकुळला नवं आणि मापाचं, असं दोन्ही एकदम कधी मिळालंच नव्हतं. पण हे मथुरेच्या ध्यानात आलं नव्हतं. तिचं सगळं ध्यान तिसऱ्या वर्षावर असायचं.

नवरा हणमंता बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचा. एकदा तो म्हणाला होता, "अगं, माझाही सदरा वाढत्या अंगाचा शिवलास का? मी आता वाढायचा थांबलोय."

"आडवे वाढाल," मथुरा म्हणाली होती. आणि विषय मिटला होता.

तर आता पोरीला हुरूप कसा आणायचा? मथुरेने पहिल्यांदा रेवड्या आणल्या. "लेझमीला गेलीस तर या तुझ्या."

बकुळ गेली आणि घटकाभरात परत आली. रेवड्यांसाठी हात पुढे केला.

"इतक्यात झालीसुद्धा?"

"मी गेले होते."

"खेळलीस का?"

"तू 'गेलीस तर' म्हणाली होतीस. 'खेळलीस तर' कुठे म्हणालीस?"

मथुरेने कपाळाला हात लावला. रेवड्या द्याव्या लागल्या. शब्द देताना तो नीट मापून द्यावा, एवढं ती त्या दिवशी शिकली.

मग तिने रागावून पाहिलं. "एवढी दणकट लेझीम घेऊन दिली ती काय खुंटीवर टांगायला? आमच्या वेळी मुलींना कुणी हातात धरू देत नव्हतं. तुला सगळं मिळतंय ना, म्हणून किंमत नाही!" बकुळने ऐकून घेतलं. नुसती डाव्या मनगटाला उजव्या हाताने चोळत बसली. मथुरेला वाटलं, पोर कोडगी झाली.

शेवटी मथुरेने मोठा खर्च काढला. "नवा परकर शिवते. जत्रेसाठी. खणाचा, लाल काठाचा. मग तरी जाशील?"

बकुळ ताडकन उठली. "खरंच? आत्ता जायचं?"

दिव्याची वात वर सारावी तसा तिचा चेहरा उजळला. मथुरेला हायसं वाटलं. तिने मनात म्हटलं, बघा, पैसे टाकले की मार्ग निघतो. आपण उगीच जंतापर्यंत गेलो.

भिकोबा शिंप्याच्या दुकानात जत्रेमुळे कापडांचा ढीग पडला होता. त्याने बकुळला उभं केलं, कमरेपासून घोट्यापर्यंत टेप सोडली आणि आकडा मोठ्याने म्हटला. मथुरा लगेच म्हणाली, "त्यात आठ बोटं धरा."

"आठ?"

"खाली सोडा. आणि कंबर सैल ठेवा, नेफ्यात दोनदा दुमडून घालेल. वाढतं अंग आहे, भिकोबादादा."

भिकोबाने टेप गळ्यात टाकली. "वहिनी, मी पोरीचं आजचं माप घेऊ की तिला नवऱ्यामुलाला दाखवायच्या दिवसाचं?"

"तुम्हाला शिवायला सांगितलंय. बोलायला नाही."

"बोलायची शिलाई मी लावतही नाही," भिकोबा म्हणाला आणि आठ बोटं धरली.

बकुळच्या चेहऱ्यावरची वात तिथल्या तिथे खाली गेली. मथुरेने ते पाहिलं. नाही असं नाही. पण तिला वाटलं, पोरीला भूक लागली असेल.

परकर शिवून आला. लाल काठ, हिरवं अंग, नव्या कापडाचा वास. बकुळने तो घडी न मोडता पेटीवर ठेवून दिला. लेझमीला ती गेली नाही ती नाहीच. जत्रा तीन दिवसांवर आली. "काय करावं या पोरीला!" मथुरा आल्यागेल्याला सांगू लागली. "द्यावं तरी रडते, न द्यावं तरी रडते. हिला नेमकं काय हवंय ते तो भैरोबाच जाणे!"

जत्रेच्या आधी कासारणीच्या ओसरीवर बायकांची रीघ लागते. मथुरा भल्या सकाळपासून बांगड्या भरत होती. हे काम तिच्यासारखं गावात कुणाला यायचं नाही. समोरच्या बाईचा हात हातात घ्यायची, अंगठ्याखालचा उंचवटा एकदा दाबायची, आणि शंभर बांगड्यांतून नेमकी त्या हाताची बांगडी उचलायची. घट्ट नाही, ढिली नाही. बोटं जुळवून, हात दाबून अशी सरकवायची की बाईला कळायच्या आत बांगडी मनगटावर. बकुळ पायरीवर बसून सुट्या बांगड्या मापाप्रमाणे दोऱ्यात ओवत होती.

एवढ्यात वरच्या आळीची गोजराबाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी बकुळच्याच वयाची, शेवंता नावाची.

"मथुराताई, हिला दोन मापं मोठ्या भरा."

मथुरेने शेवंताचा हात दाबून पाहिला. "एवढ्या कशाला? ही घ्या, ही हिच्या हाताची."

"हात वाढतोय हो तिचा. मोठ्या भरल्या की पुढच्या जत्रेलाही त्याच चालतील."

"बांगडी म्हणजे घागर आहे का, मोठी घेतली की जास्त मावायला?"

"पैसे मी देतेय ना?"

"देताय म्हणून तर सांगतेय."

गोजराबाई ऐकेना. मथुरेने नाक मुरडलं आणि दोन मापं मोठ्या, हिरव्यागार, सहा सहा बांगड्या दोन्ही हातांत भरल्या. भरायच्या कसल्या, नुसत्या अडकवल्या. शेवंता आनंदाने ओसरी उतरली. रस्त्यात तिला कुणी मैत्रीण दिसली. तिने "ए!" म्हणून हात हलवला, आणि चार बांगड्या हातावरून निसटून पायरीच्या दगडावर आपटल्या. दोन जागीच पिचल्या.

शेवंता रडायला लागली. गोजराबाई कडाडली, "असला कच्चा माल ठेवता होय!"

मालाला कच्चं म्हटलं की कासारणीला खपत नाही. मथुरेचा आठवडाभराचा वैताग एकदम बाहेर पडला.

"माल पक्का आहे, गोजराबाई. तुमचा विचार कच्चा आहे! बांगडी आजच्या हाताला भरायची असते. पुढच्या वर्षीचा हात पुढच्या वर्षी घेऊन या, मी तेव्हा भरीन. आज ही पोर जत्रेत काय करणार? बांगड्या पडतील म्हणून हात वर धरून हिंडणार? पाळण्यात बसणार नाही, टाळी वाजवणार नाही. अहो, पोरीच्या हौसेसाठी बांगड्या घेतल्यात की पोरीला बांगड्यांची राखणदार नेमलीत? दोन पैसे वाचवायला गेलात आणि सगळी जत्रा घालवलीत!"

ओसरीवरच्या बायका हसल्या. गोजराबाई पिचलेल्या बांगड्यांकडे बघत हळूच म्हणाली, "भरा मग बेताच्या."

मथुरेला बरं वाटलं. आपण मुद्द्याचं बोललो की तिला नेहमीच बरं वाटायचं.

पायरीवरची बकुळ मात्र उठून आत गेली होती. ती बाहेर आली तेव्हा तिने नवा परकर घातलेला होता. नेफ्यात दोनदा दुमडलेला, त्यामुळे कमरेभोवती गाठोडं बांधल्यासारखं दिसत होतं. तरी काठ जमिनीवर लोळत होता. दोन्ही हातांनी परकर वर उचलून ती तीन पावलं चालली आणि सगळ्या बायकांच्या मधोमध उभी राहिली.

"आई, हा परकर माझा नाही."

"असं काय बोलतेस? तुझाच आहे."

"माझा नाही. बारा वर्षांच्या बकुळचा आहे. तिलाच पाठव लेझमीला."

मग बकुळने सगळं सांगितलं. लेझमीच्या दुसऱ्याच दिवशी ती रोजच्या लांब परकरात पाय अडकून पडली होती. ती पडली म्हणून मागची पडली, मागची पडली म्हणून ओळ मोडली आणि हलगी थांबली. मुली तेव्हापासून तिला 'तंबू' म्हणायला लागल्या. वस्तादांनी तिला सगळ्यांत मागे नेलं आणि म्हणाले, बाळ, परकर धरून खेळ.

"लेझमीला दोन्ही हात लागतात, आई. परकर धरला तर लेझीम कोण धरणार?" बकुळने डावं मनगट पुढे केलं. "आणि ती लेझीमपण जड आहे. हात दुखतो. मी तुला सांगणार होते. पण तू म्हणाली असतीस, मोठी झालीस की दुखणार नाही."

मथुरा असंच म्हणाली असती. अगदी याच शब्दांत.

गोजराबाईने संधी सोडली नाही. "काय मथुराताई? बांगडी आजच्या हाताची. आणि परकर?"

मथुरेच्या तोंडाशी एक मुद्दा आला होता. कापड दुमडता येतं, काच दुमडता येत नाही, असा. मुद्दा बरोबरही होता. पण समोर कमरेला गाठोडं बांधून उभी असलेली पोर आणि पायरीवरचे हिरवे तुकडे, दोन्ही एकाच वेळी दिसत होतं. तिने मुद्दा गिळला. आठवडाभर ज्या दारावरून ती परत फिरत होती, ते पोरीनेच आतून उघडलं होतं.

ती परकर घेऊन भिकोबाकडे गेली.

"हा कापून द्या. हिच्या आजच्या मापाचा."

भिकोबाने शिवणयंत्र थांबवलं. "परवा सोडा म्हणालात, आज कापा म्हणता?"

"परवा सोडा म्हणाले. आज कापा म्हणते."

"वहिनी, जत्रा दोन दिवसांवर आलीय. उसवायचं, कापायचं, काठ पुन्हा बसवायचा. नव्याइतकंच काम आहे. शिलाई पुन्हा पडेल."

इथे मथुरेचा जीव खरा अडला. कापडासाठी पैसे मोजले ते ठीक. पण चांगलं कापड कापून टाकायला वर पुन्हा पैसे? सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने हे करायचं? कुठल्या पुस्तकात असं गणित असतं? तिच्या डोळ्यांपुढे तिसरं वर्ष उभं राहिलं. बारा वर्षांची उंच बकुळ, आणि परकर तोकडा. मग दुसरं दिसलं. परवाची पालखी, वाजणारी हलगी, मुलींच्या ओळी, आणि आपली पोर घरात पेटीवर बसलेली. बारा वर्षांच्या बकुळला परकर पुरला असता. पण लेझीम खेळायची हौस तिच्यापर्यंत पोचली असती का?

"दोन बोटं तरी ठेवू का?" भिकोबाने कात्री धरून विचारलं. तो माणूस वाईट नव्हता.

मथुरा "ठेवा" म्हणायला निघाली होती. पोटातून शब्द वर आलाही होता.

"नको. कापा," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघत उभी राहिली. कात्रीचा आवाज तिला बांगडी पिचल्यासारखाच वाटला. कापून पडलेली पट्टी मात्र तिने उचलून कनवटीला लावली. माणूस एका दिवसात किती सुधारणार?

मग ती मोठी लेझीम घेऊन वस्तादांकडे गेली आणि लहान मागितली. वस्ताद मिशीत हसले. "मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण तुम्ही इतका हिशेब मांडून दाखवलात, म्हटलं, शिकलेली बाई आहे, हिच्यापुढे आपण काय बोलायचं?"

"पुढच्या वेळी बोलत चला," मथुरा फणकारली. रागावली होती ती स्वतःवरच, पण वस्ताद समोर होते.

उरलेले दोन दिवस बकुळ जेवायलाही हाका मारल्याशिवाय आली नाही. कुणी रेवडी दाखवली नाही, कुणी रागावलं नाही. अंगणात सारखी आपली छन छन चालू. हणमंता गावाहून आला, पेटी खाली ठेवली आणि विचारलं, "हिला काय दिलंस?"

"काही नाही. आठ बोटं काढून घेतली," मथुरा म्हणाली.

जत्रेच्या दिवशी पालखीपुढे मुलींच्या ओळी उभ्या राहिल्या. बकुळ पहिल्या ओळीत नव्हती, दोन दिवसांत तिथे कोण नेणार? ती दुसऱ्या ओळीच्या टोकाला होती. हलगी कडाडली आणि सोळा लेझमी एकदम उघडल्या. परकराचा लाल काठ घोट्याच्या वर नेमका थांबला होता. ती वाकली, उठली, गर्रकन फिरली, तसा परकर फुलला आणि पुन्हा जागच्या जागी आला. दोन्ही हात लेझमीत होते. 'तंबू' असं एकदाही ऐकू आलं नाही. मथुरा गर्दीत चवड्यांवर उभी होती. दुप्पट शिलाई दिलीय, हे तिला हलगी थांबेपर्यंत आठवलं नाही. आठवलं तेव्हाही, पैसे कुठे गेले ते डोळ्यांसमोर दिसत होतं.

घरी परत जाताना तिला राहवलं नाही. एवढा धडा मिळाला तर तो पोरीला नीट शब्दांत सांगावा, असं तिच्यातल्या सातवी पास बाईला वाटलं. तिने बकुळचा हात धरला, घसा साफ केला आणि सांगितलं,

तात्पर्य: सुखासाठी पैसा खर्चायचा तर तो आज समोर असलेल्या माणसाच्या मापाने खर्चावा. उद्याच्या मापाने घेतलेली वस्तू टिकते पुष्कळ, पण तिच्यातली हौस पहिल्याच दिवशी संपते.

बकुळने सगळं ऐकून घेतलं. खाली वाकून परकराच्या काठावरून हात फिरवला, दोन पावलं नाचत चालली, मग थांबली. तिचा चेहरा एकदम पडला.

"आई," ती म्हणाली, "हा किती छान आहे गं! थोडा मोठा शिवला असतास, तर पुढच्या जत्रेलापण हाच घातला असता ना."